साखर विरघळते, कडूपणा का नाही?

कॅफेत कॅपुचिनो मागवावी, सोबत आलेल्या साखरेच्या दोन्ही पुड्या रिकाम्या कराव्यात, चमचा फिरवावा आणि पहिला घोट घ्यावा. सुरुवातीला गोड लागतं, मग दुधाची मऊ चव येते, घोट घशाखाली उतरतो आणि दोन-चार क्षणांनी मागून कडू चव वर येते. तिसरी पुडी घातली तर गोडी वाढते. तो मागाहून येणारा कडूपणा मात्र जागचा हलत नाही. घरच्या कॉफीत असं होत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये फुसफुसणाऱ्या मशीनवर जी फेसाळ ‘एस्प्रेसो’ मिळते, वर चॉकलेट पावडर भुरभुरवलेली, तिच्यात तर मुळीच नाही. मग चौपट पैसे मोजलेल्या कपातच काय बिनसतं?

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल ती खरी असेल, पण कारल्याबद्दल अर्धीच खरी आहे. कारल्याची भाजी नेहमी करणाऱ्याला ठाऊक असतं की मीठ लावून पिळणं, तेलावर कुरकुरीत परतणं आणि चिंच-गूळ घालणं या तीन वेगळ्या युक्त्या आहेत. प्रत्येक युक्ती कडूपणाला वेगळ्या ठिकाणी गाठते आणि थोडा कडूपणा तिघींच्या हातून निसटतो. एस्प्रेसोतही नेमकं हेच घडतं. दुधाचं काम एका जागी चालतं, साखरेचं भलत्याच जागी. जे या दोघांच्या तावडीत सापडत नाही, ते आपल्याला शेवटी जिभेवर जाणवतं.

कॅफिनवर आळ

कॉफी कडू का, असं विचारलं की बहुतेक जण कॅफिनचं नाव घेतात. कॅफिन कडू असतं हे खरं. पण कॅफिन काढून टाकलेली डिकॅफ कॉफीही चांगलीच कडू लागते. कॉफीच्या एकूण कडूपणात कॅफिनचा वाटा साधारण १० ते १५ टक्केच असतो. उरलेला बराचसा कडूपणा कच्च्या बीत नसतोच, तो भाजताना तयार होतो.

कॉफीची कच्ची, हिरवट बी चावली तर गवतासारखी आणि तुरट लागते. तिच्यात क्लोरोजेनिक आम्लांचा मोठा साठा असतो. बी भाजली जाऊ लागली की उष्णतेमुळे या आम्लांच्या रेणूंतून पाणी निघून जातं आणि ‘लॅक्टोन’ या गटातले पदार्थ बनतात. मध्यम भाजलेल्या कॉफीतला जो कडूपणा लोक आवडीने पितात, तो मुख्यतः यांचा. भाजणं तिथे थांबवलं नाही, बी काळी पडून तिच्यावर तेल चमकू लागलं, की हे लॅक्टोनही मोडतात आणि त्यांच्यापासून ‘फिनाइलइंडेन’ नावाचे पदार्थ तयार होतात. यांचा कडूपणा खरखरीत आणि रेंगाळणारा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले थॉमस हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडली आणि २००७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मांडली. एस्प्रेसोसारख्या, जास्त दाब आणि जास्त तापमान वापरून काढलेल्या कॉफीत हे कडू पदार्थ सर्वांत जास्त उतरतात, असंही त्यांना आढळलं.

दुसरी गोष्ट कॉफीच्या जातीची. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं आणि क्लोरोजेनिक आम्लंही जास्त असतात. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के रोबस्टा आहे. कोडगू आणि वायनाडचे मळे तिच्यासाठी प्रसिद्ध. ती इटलीला भरपूर जाते आणि तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणात वापरली जाते, कारण रोबस्टामुळे कपावर दाट तपकिरी फेस येतो आणि दुधातही कॉफीची चव टिकून राहते. त्यामुळे ‘शंभर टक्के अरेबिका’ असं वाचून रोबस्टाला कमअस्सल ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण मिश्रणात रोबस्टा बरीच असेल आणि ती काळीकुट्ट भाजलेली असेल, तर साखरेच्या पुड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

अर्ध्या मिनिटात काय काय उतरतं

एस्प्रेसोचं मशीन ९०–९५ अंश सेल्सिअसचं पाणी वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने कॉफीच्या घट्ट दाबलेल्या चकतीतून ढकलतं. इतक्या दाबाची पद्धत मिलानच्या अकिले गाजिया यांच्या तरफेच्या मशीनमुळे १९४८ नंतर रुळली. त्याआधीची मशीनं वाफेच्या जोरावर चालत आणि त्यांचा दाब बराच कमी असे. आजच्या कॅफेत साधारण १८ ग्रॅम पूड घेऊन २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढतात. यालाच ‘शॉट’ म्हणतात. या शॉटमध्ये विरघळलेले पदार्थ ८ ते १२ टक्के असतात, तर साध्या गाळलेल्या काळ्या कॉफीत ते जेमतेम सव्वा ते दीड टक्का.

मशीनच्या नळीखाली एकामागून एक तीन छोटे कप धरून एकच शॉट तीन भागांत घ्यावा आणि तिन्ही चाखून पाहावेत. पहिल्या आठ-दहा सेकंदांची धार काळपट आणि दाट असते. ती इतकी आंबट आणि तीव्र लागते की तोंड वाकडं होतं. मधल्या कपातली कॉफी तपकिरी आणि बरीच गोडसर. शेवटच्या कपात पडणारी धार फिकट पिवळी आणि पातळ असते. दिसायला सर्वांत सौम्य, चवीला पाणचट आणि कडू. आम्लं पाण्यात पटकन उतरतात, कडू पदार्थ सावकाश येतात, म्हणून हा क्रम. पूड फार बारीक दळली असेल, धार तीस सेकंदांनंतरही चालू ठेवली असेल किंवा पाणी फार गरम असेल, तर तिसऱ्या कपातला ऐवज जास्त येतो. चकती नीट दाबली नसेल तर पाणी एखाद्या फटीतून वाट काढतं. मग त्या फटीभोवतीची पूड पार धुऊन निघते आणि बाकीची जवळजवळ कोरडी राहते. असा शॉट एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो.

लग्नातल्या कॉफीचं कोडं इथे सुटतं. ते मशीन म्हणजे वाफेचा बंब. कॉफीच्या पुडीतून दाबाने पाणी ढकलणं त्याला जमतच नाही. फेटलेल्या इन्स्टंट कॉफीत आणि दुधात ते वाफ सोडतं. कपात इन्स्टंट कॉफी चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅमच्या आतबाहेर, आणि तिच्यातही बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली. ३६ ग्रॅमच्या शॉटमध्ये १० टक्के धरले तरी विरघळलेले साडेतीन ग्रॅम पदार्थ असतात, सगळे कॉफीचे. त्यातून लग्नात साखर मोजून घालत नाहीत.

दुधाचं काम कपात चालतं

दूध कडूपणा तीन प्रकारे कमी करतं. पहिला प्रकार साधा: कॉफी पातळ होते. दुसरा प्रकार प्रथिनांचा. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. क्लोरोजेनिक आम्लं आणि त्यांच्या जवळचे पदार्थ केसीनला चिकटतात. जे चिकटलं ते जिभेपर्यंत सुटं पोचत नाही. कॉफीचा तुरटपणा दुधाने जातो तोही यामुळेच. तिसरा प्रकार स्निग्धांशाचा. पाण्यापेक्षा तेलातुपात रमणारे कडू रेणू दुधातल्या सायीच्या बारीक थेंबांत शिरून बसतात.

पण कॅफिन पाण्यात सहज विरघळतं. स्निग्धांश त्याला फारसा धरून ठेवत नाही. शिवाय कोणत्या पिशवीतलं दूध हाही प्रश्न आहेच. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो, टोन्ड दुधात ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. डबल टोन्ड दुधातली कॅपुचिनो जास्त कडू लागली तर कॉफीवाल्याला दोष देण्याआधी पिशवी पाहावी.

दूध किती तापवलं यालाही महत्त्व आहे. दुधात पाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज ही साखर असते. ती चहा-कॉफीतल्या साखरेपेक्षा कितीतरी कमी गोड, तरी ६० अंशांच्या आसपास तापवून नीट फेसाळलेल्या दुधात तिची गोडी जाणवते. दूध ७० अंशांच्या वर गेलं की त्यातली केसीन सोडून उरलेली प्रथिनं उलगडू लागतात आणि उकळल्या दुधाचा गंधकी वास येतो. ती नाजूक गोडी मग या वासाखाली दबते. आपल्याकडे ‘एक्स्ट्रा हॉट’ कॉफी मागण्याची फार हौस. त्या हौसेपायी दुधाची फुकटची गोडी घालवून वर साखर मागावी लागते.

साखरेचं काम डोक्यात चालतं

साखर कॉफीतल्या एकाही कडू रेणूला हात लावत नाही. दोन चमचे साखर घातलेल्या कपात आधी होते तेवढेच कडू पदार्थ असतात. मग कडूपणा कमी का वाटतो?

याचा छडा लावणारा एक प्रयोग १९८५ मध्ये यान क्रोझे आणि लिंडा बार्टोशुक यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी जिभेच्या दोन बाजूंना वेगवेगळे द्रव पोचवले. एका बाजूला कडू आणि दुसऱ्या बाजूला गोड दिलं, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळलेच नाहीत, तरी माणसाला कडूपणा कमी वाटला. याचा अर्थ साखर कडूपणाला जिभेवर अडवत नाही. दोन्ही संदेश मेंदूपर्यंत जातात आणि तिथे गोडीचा संदेश दुसऱ्याला दाबतो. मिठाचं उलट निघालं. त्याचा परिणाम मुख्यतः जिभेवरच होतो, त्यामुळे ते कडू पदार्थाच्या सोबत त्याच जागी असावं लागतं.

गोडीचं काम मेंदूत चालत असल्यामुळे गोडी जाणवते आहे तोवरच कडूपणा झाकलेला राहतो. साखरेची गोडी पटकन येते आणि लाळेसोबत पटकन धुऊन जाते. कडू चव उशिरा येते आणि उशिरा जाते, त्यातही काळ्या भाजणीतले फिनाइलइंडेन अंमळ जास्तच रेंगाळतात. गोडी संपल्यावर मेंदूत कडूपणाला दाबणारं कुणी उरत नाही. तिसरी पुडी घालून आपण गोडीचा जोर वाढवतो. तिचा मुक्काम त्या मानाने फारसा वाढत नाही. शेवटचा कडू घोट त्यामुळे तसाच राहतो आणि आधीच्या जास्त गोडीमुळे तो उलट नजरेत भरतो.

आंबटपणा जातो तेव्हा

एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. चांगल्या एस्प्रेसोत कडूपणाच्या जोडीला आंबटपणा असतो आणि दोन्ही चवी मध्यम असतील तर काही प्रमाणात एकमेकींना आवरून धरतात. एस्प्रेसोचा सामू म्हणजे पीएच पाचच्या वर, साडेपाचच्या आसपास, दुधाचा ६.७ च्या जवळ. दुधातली प्रथिनं आणि फॉस्फेट कॉफीतल्या आम्लांना बरंचसं निष्प्रभ करतात. उरलासुरला आंबटपणा साखर दाबते, कारण गोड चव आंबटाला फार सहज झाकते. अशा रीतीने आंबटपणा दोन्हीकडून मार खाऊन बाहेर पडतो आणि फळांसारखी वाटणारी कॉफीची ताजी चवही त्याच्याबरोबर जाते. कपात उरतात गोड आणि कडू, समोरासमोर.

काळी एस्प्रेसो चवीने पिणारा माणूस दूध-साखरेचा कप चाखून ‘ही जास्तच कडू आहे’ म्हणतो, ते यामुळे. कडू पदार्थ वाढलेले नसतात. त्यांच्या सोबतीला जे होतं ते गेलेलं असतं.

| चौकट: घरी करून पाहा |
|---|
| कडक, बिनसाखरेची कॉफी तीन वाट्यांत सारखी ओता. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चमचाभर साखर घाला. तिसरीत मिठाचे मोजके कण टाका, खारट लागता कामा नये. प्रत्येक घोटानंतर मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि मगच ठरवा. दुसऱ्या वाटीत कडूपणा उशिरा परत येतो का? तिसरीत तो सुरुवातीपासूनच कमी वाटतो का? |
| शुगर-फ्री गोळी वापरत असाल तर ती कोमट पाण्यात विरघळवून नुसती चाखा. पाणीच मागाहून कडू लागलं, तर कॉफी निर्दोष आहे. |

गोडीच्या गोळीतच कडू

साखरेऐवजी गोळी, थेंब किंवा पूड वापरणाऱ्यांची तक्रार थोडी वेगळी असते आणि तिचं कारणही वेगळं आहे. माणसाच्या जिभेवर गोड चव ओळखणारा ग्राहक, म्हणजे पेशीवरचं प्रथिनाचं ग्रहणकेंद्र, प्रामुख्याने एकाच प्रकारचा असतो. कडू चवीचे ग्राहक मात्र पंचवीसच्या आसपास प्रकारचे आहेत. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, त्यामुळे शरीराने कडूपणावर इतके पहारेकरी नेमले असावेत. साखरेचा रेणू फक्त गोडाचा ग्राहक जागा करतो. सॅकरिन आणि एसेसल्फेम-के हे मात्र गोडाबरोबर कडूचेही दोन ग्राहक जागे करतात. स्टीव्हियातले गोड पदार्थसुद्धा कडूच्या दोन ग्राहकांना जाऊन भिडतात, फक्त ते दोन वेगळे.

सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना लागला. ते साखरेच्या शेकडो पट गोड आहे आणि त्याचा कडू, धातूसारखा शेवट तेव्हापासून सर्वांना माहीत आहे. असे पदार्थ वाढवत गेलं की एका मर्यादेनंतर गोडी वाढायची थांबते, कडूपणा वाढतच राहतो. एक गोळी कमी गोड वाटली म्हणून दुसरी टाकणाऱ्याची फसगत इथे होते. पुढे सायक्लामेट आणि सॅकरिन एकत्र वापरले की दोघांचाही कडूपणा कमी होतो असं लक्षात आलं. त्याचं कारण २०१७ च्या सुमारास कळलं: यांतला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याने जागा केलेला कडूचा ग्राहक बंद करतो.

नवरा-बायको एकाच डबीतली गोळी वापरतात, एकाला काही जाणवत नाही आणि दुसऱ्याचं तोंड कडू होतं, हे कुणाचे नखरे नसतात. कडूच्या ग्राहकांची जनुकं माणसागणिक थोडी बदलतात. याचा पहिला गाजलेला पुरावा १९३१ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची पूड ओतत होते, ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती भलतीच कडू असल्याची तक्रार केली, फॉक्सना मात्र कसलीच चव लागली नाही. एसेसल्फेम-के आणि सॅकरिनच्या कडूपणाबाबतही माणसामाणसांत असाच फरक सापडला आहे, फक्त तिथे जनुक वेगळं आहे.

अस्पार्टेम फारसं कडू नाही, पण दुधाबरोबर उकळलं तर ते मोडतं आणि त्याची गोडी उतरते. म्हणून ते आच बंद केल्यावर घालावं. सुक्रालोज उष्णतेत बरंच टिकतं. डबीवर पुढे काय छापलंय ते सोडून मागची घटकांची यादी वाचली की यातलं कुठलं आपल्या कपात पडतंय ते कळतं. गुळाची गोष्ट निराळी. त्यात काकवीचा अंश असतो, तो स्वतः किंचित कडवट, आणि गरम दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती. फाटलेल्या दुधात केसीनच्या गुठळ्या होतात आणि मग कॉफी चोथापाण्यासारखी लागते.

थंड कप

आइस्ड लाटेत कडूपणाची तक्रार जास्त ऐकू येते. साखर थंड दुधात सावकाश विरघळते आणि तळाशी बसते, वरचे घोट बिनसाखरेचेच जातात. शिवाय गोडाच्या संवेदनेत भाग घेणारी पेशीतली एक वाहिनी थंडीत मंदावते. बेल्जियममधल्या लुव्हन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवलं. वितळलेलं आइस्क्रीम गोडमिट्ट लागतं आणि गोठलेलं बेताचं गोड, तेही याचमुळे. उपाय सोपा आहे: थंड कपात साखरेचा पाक वापरावा किंवा बर्फ आणि दूध घालण्याआधी गरम शॉटमध्येच साखर ढवळून घ्यावी.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी भाजणी बदलून पाहावी. तेल सुटलेल्या काळ्या बियांऐवजी मध्यम भाजलेल्या घेतल्या तर फिनाइलइंडेन मुळातच कमी असतात. घरी मशीन असेल तर पूड जराशी जाडसर दळून धार फिकट होण्याआधी कप बाजूला करावा. मशीनची चाळणी आणि दांड्याची वाटी रोज धुवावी. तिथे साचलेलं कॉफीचं तेल खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक शॉटला कडवट वास लावतं. माझ्या मते कॅफेंतला निम्मा कडूपणा भाजणीचा आणि बराचसा उरलेला या न धुतलेल्या चाळणीचा असतो. बी बिचारी उगाच बदनाम होते.

वर तरंगणारा तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, फोटोत सुंदर दिसतो, पण त्यात पुडीचे अतिबारीक कण अडकलेले असतात आणि तो नुसता चाखला तर चांगलाच कडू लागतो. दूध ओतण्याआधी शॉट चमच्याने ढवळून घेतला तर पहिलाच घोट कडू लागत नाही.

कॅफेत असाल तर रिस्ट्रेटो मागून पाहा. तेवढ्याच पुडीतून थोडं पाणी वापरून, धार लवकर थांबवून काढलेला हा शॉट. तिसऱ्या छोट्या कपात येणारी फिकट, कडू धार त्यात पडतच नाही. मिठाचीही युक्ती आहेच. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गोड-कडू मिश्रणात सोडियमचा क्षार घातला तर कडूपणा दबतो आणि त्याखाली झाकली गेलेली गोडी मोकळी होते. म्हणजे साखर तेवढीच ठेवूनही कप जास्त गोड लागतो. त्यासाठी चिमूट नको, बोटांना चिकटलेले कण पुरतात, आणि ते साखरेआधी घालावेत, म्हणजे साखर किती कमी लागते ते कळेल.